नानांची रविवारची तपासणी

निघायच्या सकाळी नानांनी माझी बांधलेली बॅग पुन्हा उघडली. टॅक्सी दारात उभी होती, नवरा तीन वर्षांच्या इराला घेऊन आधीच आत बसला होता. नानांनी साड्यांच्या घडीतून पितळी पेनस्टँड बाहेर काढला. रिकाम्या काडतुसांचा, वर्कशॉपमधल्या कोणीतरी बनवलेला, माझ्या जन्माआधीपासून त्यांच्या टेबलावरचा.

"हा नाही न्यायचा. सिंगापूरला रिकामं काडतूससुद्धा चालत नाही. मी चौकशी केलीय."

मी बॅग बंद केली. वाद घालायला वेळ नव्हता.

नाना म्हणजे माझे वडील. खडकीला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये आर्मोरर होते, बिघडलेल्या रायफली दुरुस्त करायचे. तीस वर्षांत एकही रायफल त्यांच्या मालकीची नव्हती आणि याचा त्यांना अभिमान होता. "हत्यार आपलं नसतं. सही करून घ्यायचं, सही करून परत द्यायचं."

माझा धाकटा भाऊ अभय माझ्याआधी ह्यूस्टनला गेला आणि तिथे त्याने रायफल विकत घेतली. नाना दुरुस्त करायचे तसलीच सेल्फ लोडिंग, पुढची गोळी आपोआप भरणारी, तिथे साध्या नागरिकाला मिळते ती. हौसेने फोटो पाठवला. नानांनी तो पाहिला, चष्मा काढून ठेवला आणि अभयशी बोलणं बंद केलं. पुढे त्याच्याकडे अशा सात झाल्या. दस्ता बदल, दुर्बीण लाव, ट्रिगर बदल. सुट्टीचा दिवस गॅरेजमध्ये. मला हे पटत नव्हतं. पण तो उडाणटप्पू नव्हता, एवढं मला ठाऊक होतं. लहानपणी तो वर्कशॉपच्या फाटकापाशी नाना सुटायची वाट बघत उभा राहायचा. आत कधी जाता आलं नाही.

आई गेल्यावर मी नानांना सिंगापूरला, आमच्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर आणलं. आठवडाभर मी नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये कामाला, फिजिओथेरपी विभागात. रविवारी सकाळी नऊला अभयचा व्हिडिओ कॉल, तिकडे त्याची शनिवारची संध्याकाळ. फोन ठेवलेला असायचा त्याच टेबलाशी नाना त्याच्याकडे पाठ करून पोहे खायचे.

एका रविवारी अभय बोलता बोलता हातातली रायफल दाखवत होता. ती रिकामी होती. "हे बघ" म्हणत त्याने ट्रिगर ओढला, त्याच क्षणी टक असा आवाज आला. नानांचा चमचा थांबला.

"ओढायला वेळच लागला नाही," ते मला म्हणाले. "ट्रिगर फार हलका केलाय. सांग त्याला."

"नाना, तो ऐकतोय."

चार वर्षांत पहिल्यांदा ते फोनकडे वळले. अभय घाईघाईने म्हणाला, "नेमबाजीचा ट्रिगर आहे नाना, मुद्दाम बसवलाय. नेम चांगला लागतो."

"रिया केवढी झाली?" नानांनी अभयच्या मुलीचं विचारलं.

"पाच."

"मग?"

"सगळ्या तिजोरीत असतात, नाना."

"तिजोरी उघडी कोण टाकतं? माणूसच ना?"

अभयने फोन बंद केला. नानांनी उरलेले पोहे तसेच ठेवले. तो आठवडा मला वाईट गेला. रियाची काळजी होतीच. शिवाय पुढच्या रविवारी फोन आला नाही, तर या दोघांचं या जन्मात काही जमत नाही, हे मला दिसत होतं. नाना ऐंशीच्या घरात होते.

रविवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. अभयने रायफल चटईवर आडवी ठेवली होती.

"जुना ट्रिगर परत बसवला," तो म्हणाला.

"आधी रिकामी आहे ते दाखव."

"मी बघितलंय."

"तू बघितलंस. दुसऱ्याने बघायचं असतं."

अभयने बोल्ट मागे ओढून चेंबर, गोळी बसते ती जागा, कॅमेऱ्यासमोर धरलं. नळीचं तोंड आमच्याकडे आलं, तसे नाना खुर्चीत चटकन बाजूला झुकले. "तोंड भिंतीकडे कर."

इरा सोफ्यावरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, व्हिडिओ ओन्ली लाह."

"व्हिडिओ असला तरी."

अभय हसला. मग नानाही. ट्रिगर दोनदा ओढून झाला, नानांनी कान देऊन ऐकला आणि म्हणाले, "ठीक."

त्यानंतर दर रविवारी एक रायफल. नाना चुका काढत, अभय आठवडाभरात दुरुस्त करी. त्याने स्वतः घासून तेल पाजलेला अक्रोडाचा दस्ता नानांनी फोन डोळ्यांशी नेऊन पाहिला. "लाकूड छान घासलंयस. आमच्याकडे इतकं कोणी घासत नसे." मालकीबद्दलचं मत त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही. अभयनेही रायफली विकल्या नाहीत.

नाना गेले तेव्हा अभय सिंगापूरला आला. नेमबाजीच्या रेंजवर नेतोस ती बॅग आणू नकोस, कप्प्यात एखादं काडतूस राहिलेलं असतं, असं मी बजावलं होतं. तो कोरी बॅग घेऊन आला. बापाचा शब्द उशिरा का होईना, मुलांना पाठ झाला होता.

खडकीचं घर आता दुसऱ्यांचं आहे. पेनस्टँड मावशीकडे आहे. माझ्याकडे तो कधीच येणार नाही, आणि मी त्याची हळहळ करत बसत नाही. तुम्ही मागे राहिलेले आणि आमच्यासारखे निघालेले, दोघेही विचारता की घराची आठवण येते का. रविवारी नऊला अभय रायफल चटईवर ठेवतो, तोंड भिंतीकडे करतो, बोल्ट मागे ओढतो आणि थांबतो. मला रायफलीतलं फारसं काही कळत नाही. चेंबर रिकामं आहे एवढं कळतं. मी नीट बघते, मग म्हणते, "ठीक."

त्याशिवाय तो रायफलीला पुढे हात लावत नाही.