पंचांनी घेतलेली कोंबडी

खुराडं फोडून कोंबडी पळवणाऱ्याला आपण चोर म्हणतो. भर दिवसा, चर्चच्या अंगणात, सगळ्या मंडळीसमोर पावती फाडून कोंबडी नेणाऱ्याला काय म्हणायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्या माणसाशी माझं लग्न झालेलं आहे, त्यामुळे हा प्रश्न मी जरा आवाज चढवूनच विचारते.

पाऊस सरला की आमच्याकडे कापणीचा सण होतो. आपल्या पिकातलं पहिलं देवापुढे आणून ठेवायचं, असा तो सण. भिवंडीत आता कापायला उरलंय काय? जिथे भात व्हायचा तिथे वळ गावापासून पुढे गोदामांचे पत्रे चमकतात. तरी सण होतो. कुणी बाजारातून भोपळा आणतं, कुणी स्टिकर न काढलेली सफरचंदं, लूमवर काम करणारं एक कुटुंब दर वर्षी कोरं कापड आणतं. उपासना संपली की या सगळ्याचा अंगणात लिलाव करतात. लिलाव म्हटलं तरी तो बाजार नव्हे. तीस रुपयांचा नारळ दोनशेला घ्यायचा, हसायचं आणि तिथेच परत टेबलावर ठेवायचा, म्हणजे त्याची पुन्हा बोली लागते. एकेक नारळ चार-चार जणांच्या हातून फिरतो. इथे बोली लावायची ती द्यायला, न्यायला नाही, हे शाळेतल्या पोरांनाही कळतं.

आमच्या ह्यांनाही कळत होतं, म्हणून तर राग येतो. हे चर्चचे जुने पंच. कमिटीत इतकी वर्षं काढलेली की ह्यांनी एकदा खाकरून आकडा सांगितला की पुढे कुणी बोलत नाही. मानाने गप्प बसतात लोक. आणि हे त्या मानाचा बाजारभाव काढायचे. दुधी, तांदूळ, मधाची बाटली, सगळं दुकानापेक्षा स्वस्तात घरी यायचं. वर म्हणायचे, "देवाच्या घरचं आहे, आशीर्वाद असतो." फुकट ते पौष्टिक, दुसरं काय! पण मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? आमच्या टेमघरच्या घराचे पडदे त्याच कोऱ्या कापडाचे आहेत आणि ते मी हौसेने शिवलेत.

या वर्षी दिघाशीहून येणाऱ्या आजींनी कोंबडी आणली. आजी एकट्या राहतात, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. कोंबड्या दोन, त्यातली एक म्हातारी होऊन बसलेली. दुसरीची अंडी गोदामांच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर विकायची आणि त्यावर मीठ-मिरची, चहा-साखर भागवायची. उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं. म्हणून जी अंडी देते तीच कोंबडी त्यांनी देवाला आणली. पाय सुतळीने बांधलेले, तांबडी, गुबगुबीत.

आजींच्या वस्तूची आमच्याकडे एक न बोललेली रीत आहे. कुणीतरी ती चढ्या बोलीने घेतो आणि त्यांच्याच हातात परत ठेवतो. मागे काकड्या आणल्या, अंडी आणली, तेव्हाही असंच झालं. देवालाही मिळतं आणि आजींचंही अडत नाही.

त्या दिवशीचा संदेश नेमका लोभावर होता. पाळकसाहेब म्हणाले, लोभ हे फार लबाड पाप, कारण चोराला आपण चोर आहोत हे ठाऊक असतं, लोभी माणसाला मात्र आपण हुशार आहोत असंच वाटतं. हे पहिल्या बाकावर बसून मान डोलावत होते.

कोंबडी टेबलावर आली. शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेने तीनशे म्हटलं. हे खाकरले आणि म्हणाले, "साडेतीनशे." अंगण गप्प झालं. मी लोकांचे चेहरे पाहिले, सगळे समाधानाने हसत होते. सगळ्यांना वाटलं, पंच घेतायत म्हणजे पंच परत देणार, मग वर बोली लावून त्यांच्या हातचं पुण्य कशाला हिसकावायचं? ती शिक्षिकासुद्धा हात खाली घेऊन टाळ्या वाजवायला लागली. आजी खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या, दोन्ही हात पुढे करून.

ह्यांनी पावती घेतली, कोंबडी पिशवीत घातली, पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि मला म्हणाले, "चल, बस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी बसले. चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा नको म्हणून बसले, आणि त्या अंगणात एका म्हातारीचे हात तसेच पुढे राहिले. या माझ्या समंजसपणाची मला आज किळस येते.

घरी आल्यावर मात्र तोंड सोडलं. "अहो, लाज वाटली नाही? तिची मीठ-मिरची त्या कोंबडीवर चालते!"

"मी काय चोरली? पावती आहे," हे म्हणाले. "आणि परत मिळणार म्हणून दिलं, तर ते दान कसलं गं?"

यात तथ्य होतं, म्हणून माझा राग दुप्पट झाला. रात्री मी ह्यांना वाढलं आणि भांडी आपटली. सकाळी बाल्कनीतल्या खोक्यात अंडं मिळालं. ह्यांनी त्याचं आम्लेट केलं, अर्धं माझ्या ताटलीत ठेवलं. आणि मी ते खाल्लं. आदल्या दिवशी एवढी गरजलेली मी, गरम आहे तोवर खाल्लं.

त्यानंतर कोंबडीने अंडं दिलं नाही. दाण्याला तोंड लावेना, खोक्याच्या कोपऱ्यात मान आत घेऊन बसून राही.

बुधवारी दारावर थाप पडली. आजी होत्या. दिघाशीहून दोन रिक्षा बदलून, विचारत विचारत आल्या होत्या. काखेत कोंबडी बसवायचं बांबूचं डालगं, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, न्यायला आल्या. मी पाणीसुद्धा न विचारता बाल्कनीत धावले आणि कोंबडी उचलून त्यांच्यापुढे धरली.

"नको गो बाय," त्या मागे सरल्या. "देवाला दिली ती दिली. तिला या डालग्याची सवय हाय, न्हाय त अंडं घालायची न्हाय. ही कणी आणलीय, दुसरं काय ती खात न्हाय."

त्यांनी डालगं बाल्कनीत नेऊन ठेवलं, आत हाताने गवत सारखं केलं. मग पिशवीतून फडक्यात बांधलेली सहा अंडी काढली. सणाच्या आधीची, टपरीवर न्यायची राहिलेली. हे टेबलाशी चहा घेत बसले होते. आजी त्यांच्याकडे वळल्या.

"पंच, घरात कोन आजारी हाय?"

"आजारी? कोण?" ह्यांनी विचारलं.

"न्हाय, तुम्ही कोंबडी घेऊन गेलात ना. मी म्हनलं, पंच असे न्यायचे न्हाईत. घरात कुनाला तरी अंडी लागत असतील, अशक्तपना असंल. बोलले न्हाईत लाजेनं. मंग ही ठेवलेली बी घेऊन आली."

टोमणा असता तर मी परतवला असता. टोमण्यांत मी कुणाला हार जात नाही. पण तो टोमणा नव्हता. तीन दिवस त्या बाईने आमच्या घरातल्या आजाऱ्यासाठी प्रार्थना केली होती, तेही त्यांनी सांगितलं. मला रडू येत होतं आणि मी ह्यांच्याकडे असं बघत होते की आता बोला, दाखवा ती पावती.

ह्यांनी कप खाली ठेवला.

"मी," हे म्हणाले. "मी आजारी आहे, आजी."

आजी जवळ गेल्या आणि त्यांनी ह्यांच्या कपाळाला हात लावला. "ताप त न्हाय," म्हणाल्या. खरं तर मीही पुढे जाऊन कपाळ दाखवायला हवं होतं. मी गेले नाही. चहा टाकते म्हणून आत तोंड लपवलं.

पुढच्या रविवारी हे डालग्यासकट कोंबडी घेऊन चर्चला गेले. उपासना झाल्यावर अंगणात टेबल लावायला लावलं, कोंबडी वर ठेवली आणि बोलायला म्हणून खाकरले. सवयीने सगळी मंडळी गप्प झाली. एकानेही बोली लावली नाही. लोकांना वाटलं, पंचांनाच पुन्हा हवी आहे. इतक्या वर्षांत ह्यांनी कमावलेला मान तो एवढाच होता.

मग ह्यांना सगळं तोंडाने सांगावं लागलं. "मी घेणार नाही. मागच्या रविवारी मी ही लोभाने नेली. तुम्हाला वाटलं मी परत देईन, आणि तुम्हाला तसं वाटतंय हे मला तेव्हाच कळलं होतं." एवढं बोलून हे बाजूला झाले.

शिक्षिकेने सातशे म्हटलं. कुणी हजार म्हटलं. कोंबडी तीन जणांच्या हातून फिरली आणि शेवटी शिक्षिकेने ती आजींच्या हातात ठेवली. आजींनी तिला काखेत घेतलं, पोटाखाली हात घालून चाचपलं आणि मग सगळं अंगण ओलांडून त्या ह्यांच्यापाशी आल्या. ऑपरेशन झाल्यापासून आजी कुणाकडेही फार निरखून बघतात.

"पंच," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आता बरं वाटतंय ना?"