गोळ्यांचा डबा मागणारी अक्का

अक्का कोणाच्याही घरात शिरली, की पाण्याचा तांब्या हातात यायच्या आत गोळ्यांचा डबा मागायची. घरातले "बसा, चहा ठेवतो" म्हणत असायचे, आणि ही गॉगल डोक्यावर सरकवून खुर्चीत ऐसपैस बसत म्हणायची, "चहा होईल सावकाश. आधी घरातल्या गोळ्या आणा, बठ्ठ्या, एकूण एक." मी तिच्याच धंद्यातला, आरोग्य विम्याचा एजंट. जळगावात आम्ही दोघं त्याच कॉलन्या आणि त्याच गल्ल्या पालथ्या घालायचो. मी गेलो की लोक चहा पाजायचे आणि विचार करून कळवतो म्हणायचे. ती गेली की अख्ख्या घराच्या गोळ्या तिच्यापुढे मांडल्या जायच्या. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते आजतागायत थांबलेलं नाही.

अक्का म्हणजे कोणी गरीब बिचारी बाई नव्हती, हे आधी सांगून टाकतो. ती बी.कॉम. झालेली होती, हातात सोन्याच्या पाटल्या होत्या, स्कूटर अशी चालवायची की रिक्षावाले आपण होऊन बाजूला व्हायचे. बढाया मारण्यातही कमी नव्हती. "माझा क्लेम अडत नाही, अडला तर मी आडवी पडते," हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की ती तोंड उघडण्याआधी मला ऐकू यायचं. वयाने तिच्याहून मोठी माणसंही तिला अक्का म्हणायची. मला ती भाऊ म्हणायची, पण त्या भाऊमध्ये मान किती आणि चेष्टा किती, याचा मला शेवटपर्यंत अंदाज आला नाही.

आमच्याकडे आजार कोणी सांगत नाही. पोरीचं जमायचं असतं, पोराला परगावी नोकरीवर जायचं असतं, सुनेसमोर आपण खचलेले दिसायला नको असतो. मग बीपीची गोळी देवघरात दडते, शुगरची दुकानाच्या गल्ल्यात. मी फॉर्म भरताना विचारायचो, काही आजार वगैरे? समोरचा छाती पुढे काढून नाही म्हणायचा, मी "नाही"वर खूण करायचो, दोघंही खूश. अक्का विचारायचीच नाही. ती डबा मागायची, आणि डबा आला नाही तर उठून सरळ स्वयंपाकघरात जायची. घरातला कोण काय गिळतो हे तिथल्या बाईला माहीत असतं, हे तिचं तंत्र. मला ते तेव्हा आगाऊपणाचं वाटायचं, आणि थोडंसं अजूनही वाटतं.

सराफ बाजारातल्या एका मारवाडी शेठच्या मागे मी दोन महिने लागलो होतो. लॅपटॉप उघडून तक्ते दाखवले, नव्या वर्षाची डायरी दिली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिलं. शेठच्या मुलीचं ठरत होतं, त्यामुळे घरात सगळे ठणठणीत असल्याचं ते मला बजावून सांगत. एका दुपारी अक्का तिथे गेली आणि शेठाणीशी पापडाच्या पिठावर बोलता बोलता शुगरच्या गोळ्या बाहेर काढून घेऊन आली. शेठना तिने तोंडावर सांगितलं, की हे लिहिलं तर हप्ता वाढेल, शुगरच्या दुखण्याला काही वर्षं थांबावं लागेल, आणि नाही लिहिलं तर हप्ता कमी बसेल पण ऐन वेळी कंपनी हात वर करेल. मग आपण कोणत्या हॉस्पिटलात जाता, हे विचारून त्यांच्यासमोरच तिथे फोन लावला आणि कॅशलेस चालतं का, खोलीच्या भाड्याला मर्यादा किती, हे वदवून घेतलं. माझ्यापेक्षा महाग पॉलिसी तिने विकली. घड्याळ मात्र माझंच राहिलं त्यांच्या भिंतीवर, आणि मी शेठकडे पोचलो तेव्हा त्याच्याकडे बघून तिने मला वेळ सांगितली.

इथवर धंद्यातली चुरस होती. ती मी सोसली असती. पण अक्का आमच्या घरात शिरली.

माझे वडील, नाना, डाळ मिलच्या वजनकाट्यावर आयुष्यभर बसले. त्यांनी सांगितलेलं वजन शेतकरीही पुन्हा करून मागत नसे आणि मालकही, याचा त्यांना फार अभिमान. आई गेल्यापासून ते कमी बोलायचे. त्यांची पॉलिसी काढायला मी दोनदा फॉर्म घेऊन बसलो, दोन्ही वेळा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मला काय धाड भरलीय म्हणून उठून गेले. मग एक दिवस अक्का शेजाऱ्यांकडे आली होती, तिला नानांनी स्वतः हाक मारून आत बोलावलं. संध्याकाळी बायकोने मला सगळं सांगितलं. अक्काने नेहमीप्रमाणे डबा मागितला, नाना उठले आणि आईचा शिवणाचा डबा घेऊन आले. रिळांच्या खाली बीपीच्या गोळ्या होत्या. आईनंतर तो डबा घरात कोणी उघडत नव्हतं.

मी त्या रात्री जेवलो नाही. नानांना विचारलं, मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तू विमा विकायला आला होतास. तिने गोळ्या मागितल्या." मग माझ्याकडे न बघता, "आणि पोराला कोणी आजार सांगतं का?" म्हणाले. नुसती पॉलिसी तिच्याकडे गेली असती तर मी विसरलो असतो. माझ्या बापाचं दुखणं माझ्याआधी त्या बाईला कळलं, हे मला विसरता येईना. रस्त्यात तिची स्कूटर दिसली तरी मी तोंड फिरवायचो, आणि ती मुद्दाम हॉर्न वाजवायची.

पॉलिसीच्या चौथ्या वर्षी नानांच्या छातीत कळ आली. मी त्या दिवशी धुळ्याला एका गिऱ्हाइकाकडे होतो. घरात बायको होती, आणि लग्नाच्या पत्रिका वाटायला आलेले माझे मामा होते. पारोळ्याच्या पुढे त्यांचं गाव. मामांनी रिक्षा थांबवली, नानांना जवळच्या हॉस्पिटलात नेलं, आणि मी पोचेपर्यंत स्टेंट टाकून झाले होते. नाना वाचले. मामांचे उपकार मी विसरणार नाही. पण कॅशलेस नाकारलं गेलं म्हणून बिल आम्ही भरलं, आणि नंतर लावलेला क्लेमही परत आला. पत्रात लिहिलं होतं, की रुग्णाला पंधरा वर्षांपासून बीपी आणि शुगर असून पॉलिसी घेताना शुगरची माहिती दडवली.

नानांना शुगर कधीच नव्हती. बिलाचं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते एवढंच म्हणत राहिले, की मी दडवलं असं लिहिलंय त्यांनी. रोज संध्याकाळी ओट्यावर बसणारा माणूस ओट्यावर बसेनासा झाला. पत्र फक्त आमच्या घरात आलं होतं, पण त्यांना वाटायचं सगळ्या कॉलनीने ते वाचलंय.

मी कामाला लागलो. कंपनीला इंग्रजीत लांबलचक मेल लिहिले, शाखेत जाऊन आवाज चढवला, नियमांची कलमं तोंडावर फेकली. उलट टपाली तेच पत्र, तारीख तेवढी नवी. आणि या सगळ्यात माझ्या मनात काय चाललं होतं तेही सांगतो. नानांच्या नावावरचा तो डाग पुसला जावा म्हणून मी तळमळत होतो, आणि तो अक्काच्या हातून पुसला जाऊ नये म्हणूनही तितकाच तळमळत होतो. पॉलिसी तिची होती, तिला फोन करणं पहिलं काम होतं. तो फोन शेवटी नानांनीच केला.

ती आली. कंपनीचं पत्र तिने उघडलंसुद्धा नाही. हॉस्पिटलचे कागद मागितले, दाखल करतानाचा पहिला कागद काढला आणि विचारलं, "त्या दिवशी नानांबरोबर कोण होतं?" मामा, मी म्हणालो. "चला मग मामांकडे." मी म्हटलं, भांडण कंपनीशी आहे, मामांकडे काय आहे? ती गॉगल डोळ्यांवर ओढत म्हणाली, "भाऊ, कंपनीने स्वतःच्या मनाने काही लिहिलेलं नाही. कोणीतरी सांगितलंय ते लिहिलंय."

माझ्या मोटारसायकलवर मागे बसून ती पारोळ्याच्या पुढे, मामांच्या गावापर्यंत आली. माझा खांदा धरून सगळ्या वाटेवर कुठे ब्रेक लावायचा हे सांगत होती. मामांच्या अंगणात बाजेवर बसली, त्यांच्या कापसाची चौकशी केली, भाकरी खाल्ली, आणि मग त्यांच्याच अहिराणीत शांतपणे विचारलं, "दादा, त्या दिनले तुम्ही डाक्टरले जे सांगं, ते देखेल व्हतं का आयकेल व्हतं?"

मामांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "ना देखेल, ना आयकेल. मी अंदाज सांगं. थोडं सांगं तं डाक्टर ध्यान देस नही. बीपी, शुगर बठ्ठं शे, पंधरा वरीस व्हयनात, आसं सांगं तव्हय तर लगेच मझार लिधं."

न बघता, न ऐकता, अंदाजाने वाढवून सांगितलं, तेव्हा कुठे नानांना आत घेतलं. मामांचा त्यात दोष नव्हता. आमच्याकडची रीतच आहे ती. घरी आजार लपवायचा आणि दवाखान्याच्या दारात तो चौपट करून सांगायचा, म्हणजे डॉक्टर धावतील. नाना घरात गोळ्या लपवत बसले आणि मामांनी दारात त्यांना नसलेली शुगर देऊन टाकली. मी त्याच घरात वाढलो, त्याच मामांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली, आणि हे मला सुचलं नाही. तिला सुचलं. परत येताना मी गाडी जरा जोरात चालवली.

दुसऱ्या दिवशी मामा जळगावला आले आणि डॉक्टरांसमोर टोपी हातात घेऊन उभे राहिले. अक्काने सगळं त्यांनाच बोलू दिलं. डॉक्टरांनी दाखल करतानाचे रक्ताचे रिपोर्ट काढले, शुगर साफ होती. शुगरचा उल्लेख नातेवाइकाच्या सांगण्यावरून झाला, तपासणीत ती आढळली नाही, असं त्यांनी लिहून दिलं. बीपी अक्काने फॉर्मात आधीच नोंदवलेलं होतं आणि त्याची थांबण्याची मुदतही उलटली होती. हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार विभागाकडे गेलं, आणि इथेही न्याय मिळाला नाही तर विमा लोकपालाकडे जाऊ, हे शेवटच्या ओळीत. अर्ज तिने मराठीत, दीड पानात लिहिला. माझे मेल तिने मागितलेही नाहीत.

क्लेम मंजूर झाला. पत्र एका ओळीचं होतं. मी सकाळी ते नानांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, झालं, तुमचं म्हणणं खरं ठरलं. नाना म्हणाले, पण दडवलं म्हणाले होते ते मागे घेतलंय असं कुठे लिहिलंय? दुपारी अक्का आली तर तिलाही त्यांनी तेच विचारलं. ती म्हणाली, "पैसे दिले म्हणजे मागे घेतलं, नाना. कंपनीला माफी मागायची दुसरी भाषा येत नाही." नानांनी मान हलवली, काठी घेतली आणि ओट्यावर जाऊन बसले. मी सकाळी वेगळं काय सांगितलं होतं? पण ते माझ्या सांगण्यावरून उठले नव्हते.

गेल्या वर्षी अक्काने धंदा आवरला. गुडघे स्कूटरला नको म्हणायला लागले आणि सुरतेला दिलेली मुलगी आता माझ्याकडेच ये म्हणून ऐकेना. जायच्या आधी ती एकेका घरी जाऊन निरोप घेत होती. नानांजवळ ती बराच वेळ बसली. मी घरी आलो तेव्हा ती निघतच होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, आता रस्ता मोकळा तुम्हाला." मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण मी फक्त स्कूटर काय करणार म्हणून विचारलं. विकली, म्हणाली, आणि रिक्षात बसून गेली.

रस्ता मोकळा कसला. अजूनही मी कोणाच्या घरी गेलो की माझी बॅग उघडायच्या आत गोळ्यांचा डबा समोर येतो. अक्काने लावलेली सवय, ते कौतुकाने सांगतात, आणि मी हसून मान डोलावतो.

ती गेली त्या संध्याकाळी नाना माझ्या खोलीत आले. हातात आईचा शिवणाचा डबा होता. तो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. मी झाकण काढलं. रिळं आता एका बाजूला सारलेली होती, गोळ्या वर होत्या, आणि त्यात एक पाकीट मी कधी न पाहिलेलं होतं. ही गोळी कशाची, कधीपासून, मी विचारलं. नाना शेजारी बसले आणि एकेक पाकीट उचलून सांगू लागले, कोणती सकाळी, कोणती रात्री, ही नवी पायांच्या सुजेवर, डॉक्टरांनी दिवाळीनंतर दिलेली. इतकं सलग ते माझ्याशी आई गेल्यापासून बोलले नव्हते. मी मध्ये एक शब्द बोललो नाही, ते थांबतील म्हणून.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाले, "अक्का म्हणाली, आता पोराला दाखवत जा."

मी डबा दोन्ही हातांनी धरला होता. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते माझ्या मांडीवर होतं, आणि तेही तीच देऊन गेली होती.