उशीर कुठे झाला

विद्यापीठाच्या त्या मजल्यावर त्यांना सगळे घड्याळमास्तर म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांचा अभ्यासच तसा होता. लकवा मारलेला माणूस दवाखान्यात उशिरा का पोचतो, हे शोधून काढायचं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या काही तासांतच देता येतं. वेळ टळून गेल्यावर दिलं तर अपायच व्हायचा. आणि बहुतेक माणसं वेळ टळल्यावरच यायची. मास्तर मग नातेवाइकांसमोर बसायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "ते अगदी नीट आहेत, असं शेवटचं कोणी पाहिलं? कधी?"

त्याआधी बरीच वर्षं ते कॅज्युअल्टीत डॉक्टर होते. "उशीर झाला हो," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा उच्चारलं होतं, की एकदा ते कोणाच्या तरी मुलीला सांगताना आपण तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघतोय, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ती नोकरी सोडली. उशीर नेमका कुठे होतो ते कळलं, तर तो कमी करता येईल, असा साधा हिशेब. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. ती म्हणाली, "चला, आता निदान ताटावर बसून जेवशील तरी." ते जेवू लागले, झोपूही लागले. विचारपूस करण्यात कोणाचं काय वाईट होणार, असं त्यांना वाटायचं.

मग एक दिवस वॉर्डात कुलपं-किल्ल्यांच्या दुकानातला माणूस आला. दुकान दोघा भावांचं, लकवा मारलेला हा धाकटा. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. त्याच्या तोंडून फक्त 'बरं का' एवढेच शब्द निघत. पाणी हवं असलं तरी बरं का, दुखलं तरी बरं का.

मुलाखत एकट्याची घ्यायची, हा नियम मास्तरांनीच घातलेला. पण त्या दिवशी मुलाखतीच्या खोलीला रंग देत होते. म्हणून धाकट्याच्या बायकोला घेऊन ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले. थोरला भाऊ तिघांसाठी चहा घेऊन आला आणि तिथेच टेकला. चहा आणणाऱ्या माणसाला ऊठ म्हणणं मास्तरांच्या जिवावर आलं.

"सकाळी कप निसटला त्यांच्या हातातून," ती सांगू लागली. "बोलणंही जरा जड वाटत होतं. मग ते पडले थोडे. मी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले, स्वयंपाक केला. नंतर हाक मारली, तर..."

"सकाळी?" थोरला मध्येच म्हणाला. "आणि मला फोन दुपारी? अगं, चार घरं सोडून तर राहतो मी!"

मास्तरांनी पुढचा प्रश्न विचारला. कागदावर पुढे तोच होता. "तेव्हा दवाखान्यात न्यावं असं वाटलं नाही का?"

"काय सांगू," ती म्हणाली आणि पदराशी चाळा करत राहिली.

मास्तरांनी लिहिलं : घरच्यांना लक्षण ओळखता आलं नाही.

विभागप्रमुख मॅडमना ती मुलाखत फार आवडली. निसटलेला कप त्यांनी एका मोठ्या परिषदेत सांगितला. परत आल्यावर म्हणाल्या, "मास्तर, आकडे लोक विसरतात, हे नाही विसरत." मास्तरांना बरं वाटलं. 'सकाळी?' म्हणतानाचा थोरल्याचा चेहरा मात्र अधूनमधून आठवायचा. मग ते दुसऱ्या कामाला लागायचे.

तीन महिन्यांनी रुग्णाच्या घरी जाऊन तो कितपत सुधारला ते बघायचं असे. दार थोरल्याने उघडलं. धाकटा खिडकीपाशी खुर्चीत होता. हात मांडीवर ठेवलेला, कोणीतरी ठेवून दिल्यासारखा. मास्तरांना बघून तो म्हणाला, "बरं का."

"जेवण स्वतःच्या हाताने घेतात का?" मास्तरांनी विचारलं.

"तिला विचारा," थोरला स्वयंपाकघराकडे हात करून म्हणाला. "तिनेच निजवून ठेवलं ना त्याला. नवऱ्याचं तोंड वाकडं होतंय आणि ही बाई गच्चीवर कपडे वाळत घालते! सगळे नातेवाईक विचारतात मला. काय सांगायचं? दुकानात एकट्याचे हात पुरत नाहीत. नाजूक काम सगळं त्याचं होतं."

ती पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. मास्तर निघाले तेव्हा मात्र जिन्यापर्यंत आली.

"साहेब, तुम्ही त्या दिवशी विचारलंत, मी सांगितलं. घरात कोणाला ठाऊक नव्हतं. आता माझ्या हातचं पाणीसुद्धा भाऊजींना कडू लागतं."

ती वळून आत गेली.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने वह्या बाजूला सारल्या. "तू डॉक्टर म्हणून गेला होतास की फौजदार म्हणून?"

"मी फक्त विचारलं गं."

"चारचौघांत विचारलंस. आणि ती म्हणाली 'काय सांगू'. ते उत्तर आहे का? आमच्या वर्गातली पोरगी असं म्हणाली ना, तर मी तिला तास संपल्यावर थांबवून घेते."

दुसऱ्या दिवशी मास्तर मॅडमकडे गेले, परत त्या घरी जायचं म्हणाले. मॅडमनी चष्मा काढला. "जाऊन सांगणार काय? तिची चूक नव्हती म्हणून? तुम्हाला कुठे ठाऊक आहे?"

ते खरंच होतं. मास्तर खोलीत येऊन जुन्या मुलाखती चाळत बसले. सून सांगत होती, मुलगा सांगत होता, शेजारी सांगत होते. ज्याला झटका आला तो कुठेच नव्हता. त्याच्यासाठी एकही प्रश्न नव्हता, कारण निम्म्यांची वाचा गेलेली. आपण ज्याचं घर जळलं त्याला सोडून सगळ्या गल्लीला विचारत फिरलो, असं त्यांच्या मनात आलं. ते पुन्हा मॅडमकडे गेले, आणि या वेळी मॅडमनी ऐकून घेतलं. मंजुरीला दीड-दोन महिने लागले. बोलता न येणाऱ्या काही रुग्णांना चित्रं दाखवून आणि हो-नाहीचे प्रश्न विचारून बघायचं ठरलं. सोबत वाचा-उपचार करणारी एक चुणचुणीत मुलगी मिळाली.

या वेळी त्या घरी गेल्यावर मास्तरांनी थोरल्याला स्पष्ट सांगितलं, "आधी फक्त यांच्याशी बोलायचंय. तुम्ही बाहेर थांबा." तो कुरकुरत बाहेर गेला.

हो-नाही खरं कळतं का, हे थेरपिस्टने आधी तपासलं. "काका, तुमचं चपलांचं दुकान ना?"

धाकट्याने तिच्याकडे असं पाहिलं, की ही पोरगी कुठून आणली! मान जोरात हलवली. "बरं का!" तिने कुलपाचं चित्र पुढे केल्यावरच त्याचा राग निवला.

मग मास्तरांनी सावकाश विचारलं. त्या सकाळी काहीतरी बिघडलंय, हे कळलं होतं का? मान हलली. हो. तुमच्या पत्नी दवाखान्यात जाऊ म्हणाल्या होत्या? हो. थेरपिस्टने तेच उलटं करून विचारलं : त्या गप्पच बसल्या होत्या ना? नाही, नाही. मग नको कोण म्हणालं?

धाकट्याने डाव्या हाताची मूठ स्वतःच्या छातीवर आपटली. एकदा, मग पुन्हा. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तो म्हणत राहिला, "बरं का, बरं का."

मास्तरांनी त्याच्या बायकोला आत बोलावलं. "तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"अंथरुणाला खिळलेल्या माणसावर ढकलू?" ती म्हणाली. "ते म्हणाले, भाऊला कळवू नकोस, उगाच ओरडेल. दुपारी दुकानात जातोच म्हणाले."

धाकट्याने दाराकडे बोट केलं. भावाला बोलवा. मास्तर घुटमळले, मागच्या खेपेला तिघं एकत्र बसल्यावर काय झालं ते त्यांना पुरतं आठवत होतं. पण या वेळी बोलावणारा तो स्वतः होता. थोरला आत आला. धाकट्याने बायकोकडे बघून नाही म्हणून मान हलवली, आणि पुन्हा छातीवर मूठ मारली.

थोरल्याला कळायला वेळ लागला नाही. तो मास्तरांवरच उखडला. "चित्रं दाखवून काय, पाहिजे ते वदवून घ्याल! आधी तिच्या तोंडून काढलंत, आता याच्या. निघा तुम्ही."

मास्तर निघाले. आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं वाटत होतं.

काही दिवसांनी थोरला विद्यापीठात आला. त्याच्या बोटांना लोखंडाचा काळा कीस लागलेला होता. तो मास्तरांच्या टेबलासमोर बसला.

"लवकर आणलं असतं, तर तो बोलला असता?"

"कदाचित," मास्तर म्हणाले. "नक्की नाही सांगता येत. कोणालाच."

"मग इतकं शिकून उपयोग काय तुमचा!" तो म्हणाला. मग आवाज उतरला. "आदल्या आठवड्यात तो दोनदा उशिरा आला होता. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर झापलं मी त्याला. म्हटलं, पुन्हा असा आलास तर येऊच नकोस. ती सांगते, मला कळवू नको म्हणाला होता. म्हणूनच असेल."

अभ्यासाला हवं होतं ते नेमकं हेच होतं. मास्तरांचा हात पेनावर होता.

"हे लिहिणार का?"

"तुम्ही हो म्हणालात तर."

"नका लिहू."

मास्तरांनी पेन ठेवून दिलं. थोरला उठला, हात पँटला पुसले आणि नमस्कार न करताच गेला.

अभ्यास पुढे छापून आला. रुग्णांनाही विचारायला हवं, हे त्यात आलं; थोरल्याचं काही आलं नाही. मुलाखतीची खोली मिळाली नाही तर मास्तर मुलाखत पुढे ढकलू लागले. त्यावरून मॅडमशी त्यांचे खटके उडायचे.

वर्ष झाल्यावर ते शेवटचं त्या घरी गेले. दार तिने उघडलं. ती आता सकाळी दुकानात बसायची, गिऱ्हाईक सांभाळायची. दिरांशी बोलणं होतं का, असं विचारल्यावर म्हणाली, "कामापुरतं. कोणती किल्ली, कोणाची. पण पाणी मागतात आता." धाकट्याला काठी घेऊन चालता येत होतं आणि पाच-सहा नवे शब्द आले होते. त्यातला 'थांब' सगळ्यात पक्का. ती उठली की तो म्हणायचा, "थांब."

"घरात असले की हेच," ती हसून म्हणाली. "कुठे म्हणून जाऊ देत नाहीत."

मास्तर कागद आवरू लागले. तेव्हा ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "साहेब, सगळे आता म्हणतात, तुझा दोष नाही. पण ते नको म्हणाले तरी मी ऐकायला नको होतं. ओढत न्यायला हवं होतं. हो ना?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. खूप वर्षांपूर्वीसारखी भिंतीकडे नजर न्यावीशी वाटली, ती त्यांनी नेली नाही.

"थांब," धाकटा खिडकीपाशी बसून म्हणाला, आणि ती त्याच्याकडे गेली.