दुपारी लहान होणारी संत्री

मंडळी, आज दुपारी सावनेरजवळ मैत्रिणीच्या बागेत बसले होते. फांदीवरचं एक हिरवं संत्रं तळहातात धरलं, ते किंचित मऊ लागलं, आणि मी थेट सत्तरच्या दशकात पोचले.

तेव्हा मी नागपुरात शेतकी शिकत होते. अशाच एका बागेत ठरलेल्या दहा संत्र्यांचा घेर पहाटे आणि दुपारी मोजायचं काम माझ्याकडे होतं. दुपारचे आकडे नेहमी कमी यायचे. सर चिडले. "फळ वाढतं, आटत नाही. तू घरी बसून आकडे लिहिलेस. उद्यापासून येऊ नकोस."

मी झाडाखाली रडत बसले. बाग राखणाऱ्या सखूबाई जवळ आल्या.

"काहून रडून राहिली वं पोरी?"

मी सगळं सांगितलं. त्या हसल्या. "उनात पानाइले तहान लागते, मंग झाड फळातलं पानी ओढते. रात्री वापस भरते. हातात घेतलं का समजते."

मी सरांकडे एक दिवस मागितला. त्यांनी स्वतः पहाटे मोजलं, दुपारी मोजलं. दुपारचा आकडा कमीच आला. मग माझ्या वहीवर सही केली आणि सखूबाईंना विचारलं, "आणखी काय काय ठाऊक आहे तुम्हाला?"

ती दोघं बोलत राहिली. मी सावलीत डोळे मिटून पडले. ऊन उतरलं तसं वाटलं, पाणी हळूहळू फळांत परत येतंय आणि ते मला ऐकू येतंय.

तुम्हाला कधी असं झाड ऐकू आलंय का?