पुण्याची भाकरी

पुण्याच्या कॉलेजात माझं नाव वेटिंग लिस्टवर लागलं तेव्हा आमच्या घरात आनंदच झाला. यादीत नाव आलं म्हणजे काम झालं, असं अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, धरून टाकलं. एसटीत जागा नसली तरी कंडक्टर 'थांबा जरा' म्हणतो आणि टेंभुर्णीपर्यंत कुणीतरी उतरतंच, तसंच हे असणार. मीही तिला दुरुस्त केलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

अव्वाने लगेच भाकरी भाजायला घेतल्या. आमच्याकडे परगावी राहायला जाणाऱ्या माणसाबरोबर कडक भाकरी देतात. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावरून उतरवायची आणि चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची. सगळा ओलावा गेला की ती पापडासारखी होते आणि पुष्कळ दिवस टिकते. बरोबर शेंगाची चटणी. या शिदोरीला अव्वा कानडीत बुत्ती म्हणायची. बुत्तीचा तिच्या माहेरचा एक नियम होता. वाटेसाठी केलेली भाकरी घरात मोडायची नाही. मोडली तर जाणं मोडतं. म्हणून पत्र्याचा डबा भरून, झाकणावर फडकं बांधून तिने तो माझ्या ट्रंकेवर ठेवला. ट्रंकही तिनेच भरली होती आणि किल्ली तिच्या कमरेला होती.

माझ्या वडिलांचं, अप्पांचं, बाजारात किराणा मालाचं दुकान होतं. त्यांचे एक व्यापारी स्नेही दर आठवड्याला पुण्याला जात आणि येताना कॉलेजचा बोर्ड बघून येत. "यादी हलली न्हाय," एवढंच सांगून ते चहा पीत बसत. असे काही आठवडे गेल्यावर अप्पांनी मला गावातल्या कॉलेजात नेलं आणि फी भरली. "वर्ष वाया नको. पुण्याचं झालं तर झालं की," ते म्हणाले.

त्या कॉलेजात मी अगदी मागे, दाराजवळच्या बाकावर बसायला लागले. पुस्तकं घेतली नाहीत, प्रॅक्टिकलचं जर्नल घेतलं नाही. पुण्याला वेगळं जर्नल लागेल, असं मी कुणी न विचारता सांगत असे. कॉलेजच्या जवळच कापडाची गिरणी होती. तिचा भोंगा झाला की सर वाक्य अर्धं सोडून, खडू हातात धरून उभे राहायचे आणि आवाज संपला की पुढचा शब्द घ्यायचे. मला त्याचा फार राग यायचा. पुण्यात कुणी भोंग्यासाठी थांबत नसेल, असं मला वाटे. खरं म्हणजे पुण्यात काय असतं आणि काय नसतं, हे मला काडीइतकंही माहीत नव्हतं.

प्रॅक्टिकलला माझ्या जोडीला एक तेलुगू मुलगी होती. तिच्या घरी हातमाग होते, आणि घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. पहिल्या दिवशी तिला पोचवायला अर्धी गल्ली फाटकापर्यंत आली होती. जे कॉलेज मला नको होतं, त्याच्यासाठी ती दोन वर्षं घरात भांडली होती. तिने मला कधी समजावलं वगैरे नाही. फक्त दर आठवड्याला विचारायची, "तू कधी जाणार? लवकर सांग, म्हणजे मला दुसरी जोडीदारीण बघायला बरं."

मग एकदा अप्पांचे स्नेही आले आणि चहा न घेताच म्हणाले की यादी बोर्डावरून काढलीय. प्रवेश संपले. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले आणि खूप रडले. अव्वा दोनदा दारापर्यंत येऊन परत गेली.

डबा मात्र जागेवरच राहिला. अव्वा रोज केर काढताना त्याच्यावरची धूळ झटकायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. तो दिसला की माझं डोकं फिरायचं. पण 'उचल तो' असं म्हणायची हिंमत माझ्यातही नव्हती.

त्यानंतर आमची वनस्पतिशास्त्राची सहल निघाली, वळसंगच्या बाजूला, शेताबांधावरची झाडं गोळा करायला. आदल्या संध्याकाळी अव्वा माझ्या डब्यासाठी कणीक मळायला उठली.

"अव्वा, डब्यातली भाकरी दे."

"ती पुण्याची हाय."

"ती वाटेची आहे ना? मग उद्या मी वाटेलाच लागणार आहे."

अव्वाने डबा ट्रंकेवरून उतरवला. मग खाली बसली आणि फडक्याची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती, शेवटी तिने ती दातांनी सोडवली. भाकरी तशाच्या तशा कडक होत्या. तिने निम्म्याहून जास्त बांधून दिल्या. "बरोबर पोरी हायत की," म्हणाली.

दुपारी कडुलिंबाच्या झाडाखाली आम्ही त्या मोडून खाल्ल्या. सरांनीही एक मागून घेतली.

"तू कधी जाणार?" तेलुगू मुलीने सवयीने विचारलं.

"जात नाही."

"मग जर्नल घे. मी माझं देणार नाही उतरवायला."

दुसरा दिवस रविवार होता. अव्वाने कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "ट्रंक मोकळी कर. कपडे लागत्याल तुला." माझे कपडे काढत तळाशी गेले तर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तिचं ठेवणीतलं हिरवं इरकल लुगडं निघालं. त्याच्या घडीत तिची विभूतीची डबी होती.

"हे इथं कसं?"

अव्वा शेंगा फोडत होती. तिने मान वर केली नाही. "तुला पोचवायला मी येणार हुते की. तुज्या अप्पास्नी इचारलं हुतं. पुणं बगितलं असतं."

मला पोचवायला अप्पाच येणार, असं मी धरून चालले होते. पुण्याची वाट बघणारं घरात आणखी कुणी आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. "नेस. माझं कॉलेज दाखवते."

"तितं काय बगायचं?" ती म्हणाली. पण दुपारी नेसून, कपाळाला विभूती लावून दारात उभी होती.

रविवार असला तरी कॉलेजात शिपाई वर्ग झाडत होता. त्याने आत सोडलं. अव्वाने प्रयोगशाळेच्या जाळीतून बाटल्या बघितल्या, फळ्याला हात लावून बघितला.

"तू कुटं बसतीस?"

मी दाराजवळचा बाक दाखवला. ती तिथे जाऊन बसली आणि मान उंच करून समोर बघायला लागली. "हितनं तर काय दिसत न्हाय."

तेवढ्यात भोंगा झाला. अव्वा बोलायची थांबली. आवाज संपेपर्यंत ती उठून पहिल्या बाकाशी गेली होती. हिरव्या लुगड्याच्या पदराने तिने त्याच्यावरची धूळ पुसली.

"हितं बस," ती म्हणाली. "आता कुटं जायचंय तुला?"

सोमवारी मी तिथे बसले.