वाघनखी उपटणार नाही

साखळीजवळच्या आमच्या गावातून निघालो तेव्हा टेम्पोत कपाट, गाद्या, भांडी होती आणि माझ्या मांडीवर डब्यात अबोलीचं रोप. खाणीवरचं काम बंद पडलं, नवऱ्याला वास्कोला गोदीत काम मिळालं, म्हणून निघालो. आई म्हणाली, "झाड मेलं तरी माती टाकू नको गो."

अबोली पहिल्याच उन्हाळ्यात जळली. माती मी तळमजल्यावरच्या आमच्या खिडकीखाली, सोसायटीच्या कडेच्या वाफ्यात ओतली.

गावात राहिलेल्या तुम्हाला वाटतं, शहरात गेलेली बाई मोकळी होते. मी मुकी झाले. बांधावरून चुलत्यांशी भांडणारी मी इथं नुसतं "हो" म्हणायला शिकले. कपडे इथं वाळत घालू नका. हो. मासळी बाहेर साफ करू नका. हो.

यंदा श्रावणात त्या वाफ्यात एक वेल आली. पानांची टोकं वळून तिनं कुंपणाची तार धरली. मग फूल आलं : पाकळ्या उलट्या, वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक. इमारतीत कुणालाच ते ओळखेना. मलाही कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं, पण नाव सुचेना. भावाच्या फोनवर फोटो पाठवला. आईनं लगेच सांगितलं, आपल्या कुळागराच्या, पोफळीच्या बागेच्या बांधावरची वाघनखी ती. चवथीला गणपतीवर रानफळा-फुलांची माटोळी टांगतो, तिच्यात बांधतात. डब्यातल्या मातीत कंद आला असणार.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुसरं नाव शोधून काढलं : कळलावी. विषारी, शिवाय दारात असली की भांडणं लागतात म्हणे. माळ्याला सांगून उपटतो, म्हणाले.

मी ओल्या हातांनीच बाहेर गेले.

"फाटकावरची कण्हेरही विषारीच. आधी ती उपटा, मग इकडे या."

कण्हेर सोसायटीची आहे, ही बाहेरून आलेली, असं ते म्हणाले.

"मीही बाहेरूनच आले. मी जाणार नाही, तीही जाणार नाही."

पोरांचा हात लागू नये म्हणून मी स्वतः जाळी लावली, आयांना घरोघरी जाऊन सांगितलं. सेक्रेटरी अजून बोलत नाहीत. वरच्या मजल्यावरची, कधी न हसणारी बाई मात्र गणपतीसाठी फूल मागून गेली.

चवथीच्या आधी आईनं फोनवर, घरी कधी येणार, हे नेहमीसारखं विचारलं, "घरा केन्ना येतली गो?"

मी म्हटलं, "गावा येतां, आई. पूण हांव घराच आसां."

घरीच आहे म्हटलं, ते वास्कोतल्या या घराला. मी शब्द मागे घेतला नाही.