कोल्ह्यामागे बाबा

साउथ डकोटाच्या उघड्या माळावर प्रीता पवनचक्क्यांची देखभाल करायची. पिस्कॅटवे शहरात वाढलेली ही मुलगी शिकारीला लागली ती शेजारच्या रॉयमुळे. रॉयच्या मेंढ्या होत्या. कोकरं जन्मायच्या आधी हिवाळ्यात तो कोल्हे मारायचा. त्याने तिला रायफल शिकवली, वाऱ्याकडे तोंड करून बसायला शिकवलं. त्या गावात तिला आपलं म्हणणारा तो पहिला माणूस, त्यामुळे त्याच्यासमोर आपलं हसू होऊ नये याची तिला फार काळजी असे.

जानेवारीत तिचे बाबा राहायला आले. गुरुदत्त, निवृत्त सर्जन. मुलगी शिकार करते हे त्यांना तेव्हाच कळलं. मग म्हणाले, "मलाही यायचंय. बघू तरी काय करतेस."

"बाबा, इट्स रिअली कोल्ड. आणि अजिबात बोलायचं नाही, प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

सकाळी तिघं बर्फात पांढरी चादर पांघरून बसले. कोल्ह्याला भुलवायला रॉयने जखमी सशासारखी ओरडणारी शिट्टी वाजवली. बऱ्याच वेळाने कुंपणापलीकडून कोल्हा निघाला. तांबडाभडक, झुपकेदार शेपटीचा, उड्या मारत थेट त्यांच्याकडेच येत होता. प्रीताने नेम धरला.

"अगं, किती देखणा आहे!" बाबांच्या तोंडून निघून गेलं.

कोल्हा गर्रकन वळला. प्रीताने घाईने चाप ओढला. कोल्हा कोलमडला, उठला आणि मागचा पाय ओढत ओढ्याकडे पळाला.

"काय म्हणाले ते?" रॉयने विचारलं.

"सोड ना," ती इंग्रजीत म्हणाली. "त्यांना इथलं काही कळत नाही. इंग्लिशही धड येत नाही."

चाळीस वर्षं अमेरिकन पेशंटांशी बोललेला तो माणूस शेजारीच बसला होता. शब्द बाहेर पडले आणि तिचे कान तापले. बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उठले, अंगावरचा बर्फ झटकला आणि रक्ताच्या थेंबांमागे चालू लागले.

"जाऊ दे," रॉय म्हणाला. "संध्याकाळपर्यंत कायोटी लांडगे खातील त्याला."

प्रीता मात्र बाबांमागे धावली. ओढ्याच्या काठाखाली कोल्हा धापा टाकत पडला होता. त्याने पळायचा प्रयत्नही केला नाही, नुसता बघत राहिला.

"आता नीट मार," बाबा हळूच म्हणाले. "मी बोललो नसतो तर बिचारा हाल न होता गेला असता. चूक माझी."

तिने गोळी झाडली. चूक कोणाची, हे तिला सांगायचं होतं. पण तिने नुसता कोल्हा उचलला.

बाबा मागून येत होते. ट्रकपाशी रॉय एकटा दिसला, तशी ती घाईघाईने म्हणाली, "मघाशी मी खोटं बोलले. ते सर्जन होते. मला त्यांची लाज वाटली."

रॉयने तिच्याकडून कोल्हा घेऊन ट्रकच्या मागच्या भागात ठेवला. "हे मला कशाला सांगतेस?"

घरी बाबा हीटरपाशी हात शेकत होते. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, मी मघाशी..."

"ऐकलं मी."

"आय ॲम सो सॉरी."

"मराठीत सांग."

तिला माफीचा मराठी शब्द सापडेना. बाबा वाट बघत राहिले. शेवटी तिने त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण लगेच नाही.